साक्षीतला 'म्हणे' कुठे जातो?

'तो रात्री आला' आणि 'तो रात्री आला म्हणे' या दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा असला, तरी पुराव्याच्या कायद्याच्या दृष्टीने तो जमीन-अस्मानाचा आहे. पहिले वाक्य पाहणाऱ्याचे आहे, दुसरे कुणाकडून तरी ऐकलेले. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 55, जे 1872 च्या जुन्या पुरावा अधिनियमात कलम 60 होते, तेवढेच सांगते: तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, जे पाहिले त्याबद्दल पाहणाऱ्याने बोलावे, जे ऐकले त्याबद्दल ऐकणाऱ्याने. सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या भाषांना हा नियम व्याकरणातच अवगत आहे. तेलुगूत 'वच्चाडु' म्हणजे आला आणि 'वच्चाडंट' म्हणजे आला म्हणे. अक्कलकोट तालुक्यात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या कन्नडमध्ये 'बंदनु' आणि 'बंदनंते' यांत नेमका हाच भेद आहे. न शिकलेली बाईसुद्धा पाहिलेले आणि ऐकलेले यांची गल्लत बोलताना करत नाही, कारण तिची भाषा तिला ती करू देत नाही.

ही गल्लत होते ती नंतर, तिचे बोलणे कागदावर उतरताना. आपल्या न्यायव्यवस्थेत साक्षीदारांविषयी जी चर्चा होते ती बहुधा फितुरी, धाकदपटशा आणि पुढच्या तारखा यांच्याभोवती फिरते, आणि ते प्रश्न खरेच मोठे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने राज्यांवर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली. 2015 मध्ये विनोद कुमार प्रकरणात सरतपासानंतर (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाच्या प्रश्नांनंतर) तब्बल 20 महिन्यांनी उलटतपास (विरुद्ध पक्षाचे प्रश्न) झाल्याचे पाहून त्याच न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती नोंदवली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे त्याहून साध्या गोष्टीविषयी आहे. साक्षीदार निर्भय असला, वेळेवर तपासला गेला आणि खरे बोलला, तरी त्याने जे शब्द उच्चारले तेच न्यायालयाच्या दप्तरात जातात याची खात्री आपला कायदा घेत नाही. आणि सोलापूरसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात ही त्रुटी निकालाचे पारडे फिरवू शकेल इतकी मोठी आहे.

शहराचा पूर्व भाग ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. मागावर आणि विडीवर उभ्या राहिलेल्या या वस्तीत पद्मशाली समाजाच्या कित्येक घरांत आजही तेलुगू बोलली जाते. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटमध्ये कन्नड आहे. मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी आहे. आणि जी मराठी आहे तिचीही पुस्तकी मराठीशी ओळख बेताचीच आहे. शहरातल्या चार पुतळ्यांखालची नावे वाचली तरी या गावाची घडण कळते: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे 1930 च्या आंदोलनात, मार्शल लॉ लागण्याआधी, झालेल्या पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून खटला चालून या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. साक्षीपुराव्याच्या तराजूत माणसाचा जीव तोलला जातो हे या गावाला कुणी शिकवावे लागत नाही.

आता एका काल्पनिक पण नेहमीच्या वाटणाऱ्या प्रसंगाचा माग काढू. विडी वळून घर चालवणारी एक मध्यमवयीन बाई आहे. शेजारच्या कारखान्यात मागावर भांडण झाले आणि ते तिने दारातून पाहिले. तिचा पहिला जबाब पोलीस ठाण्यात नोंदवला जातो. ती अर्धे तेलुगूत, अर्धे बाजारी मराठीत बोलते. लिहिणारा हवालदार कार्यालयीन मराठीत लिहितो. 'त्याने धोटा फेकून मारला' असे ती म्हणते. जबाबात येते: 'सदर इसमाने लाकडी वस्तूने मारहाण करून दुखापत केली.' ज्याने माग पाहिलेला नाही त्याला वाटेल, यात काय बिघडले? पण धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेण्यासाठी मागात ये-जा करणाऱ्या लाकडी साधनाची, दोन्ही टोके धातूची आणि अणकुचीदार असतात. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खाली येते आणि तिला जास्तीत जास्त 1 वर्षाची कैद आहे. घातक हत्याराने केलेली दुखापत कलम 118(1) खाली जाते आणि तिथे कमाल मर्यादा 3 वर्षांची होते. 'धोटा' या एका शब्दाबरोबर गुन्ह्याचे स्वरूपच कागदावरून पुसले गेले. उलटही होऊ शकते: 'लाकडी वस्तू' पुढे 'दांडका' होते, मग 'हत्यार' होते, आणि ज्याने रागाच्या भरात हातातली निरुपद्रवी वस्तू भिरकावली तो सशस्त्र हल्लेखोर ठरतो.

या जबाबाच्या शेवटी जे वाक्य असते ते ज्यांनी एकदा तरी जबाब दिला आहे त्यांना पाठ असेल: माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. जबाब कोणत्या भाषेत घ्यावा याबद्दल नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 180 मौन बाळगते. कलम 181 प्रमाणे त्यावर सही घ्यायची नसते आणि खटल्यात तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की सरकार पक्षाचा साक्षीदार न्यायालयात वेगळे बोलला तर बचाव पक्षाने, किंवा न्यायालयाच्या परवानगीने सरकार पक्षाने, त्याला तो जबाब दाखवून खोटे पाडावे. पोलिसांनी मनाला येईल ते लिहून साक्षीदाराच्या गळ्यात बांधू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे, आणि मुळात ती शहाणपणाची आहे. पण तिचा परिणाम विचित्र होतो. जो कागद साक्षीदाराचा नाही म्हणून पुराव्यातून बाहेर ठेवला, तोच कागद साक्षीदाराचा आहे असे धरून त्याच्या विरुद्ध उभा केला जातो.

ती बाई दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. ती 'धोटा' म्हणते. बचावाचे वकील जबाब काढतात: तुम्ही पोलिसांना धोटा सांगितला नव्हता. ती म्हणते, सांगितला होता. मग नोंदीत उमटते ते वाक्य, जे सोलापूरपासून गडचिरोलीपर्यंत हजारो साक्षींत सापडेल: 'तसे माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.' कारण तिला खरोखरच सांगता येणार नाही. ते कारण हवालदाराच्या लेखणीत आहे. 1959 च्या तहसीलदार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणती वगळणूक, म्हणजे जबाबात न आलेली गोष्ट, विसंगती समजावी याच्या मर्यादा काळजीपूर्वक आखल्या. 1973 च्या संहितेने त्यावर स्पष्टीकरण जोडले की महत्त्वाची आणि संदर्भाने ठळक असलेली वगळणूकच विसंगती ठरू शकते. पण या सगळ्या विचाराच्या तळाशी एक गृहीत आहे: जबाब ही साक्षीदाराच्या बोलण्याची बऱ्यापैकी प्रामाणिक प्रत आहे. जिथे बोलणारी तेलुगूत विचार करते आणि लिहिणारा सरकारी मराठीत, तिथे हे गृहीत पहिल्याच ओळीत कोसळते, आणि साक्षीत सुधारणा केल्याचा ठपका मात्र तिच्यावर येतो.

नात्यांचे शब्द हा याहून अवघड प्रांत आहे. तेलुगूत 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, आणि सासराही. कन्नडमधला 'माव' तसाच. मराठी ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र 'मामा' हा मामाच. 'माझ्या मामाने मला घरात ओढले' असे एखादी सून म्हणाली, तर नोंदीत मामा आला की सासरा, यावर कौटुंबिक छळाच्या खटल्यात आरोपी कोण हे ठरू शकते. नातेवाइकाची साक्ष केवळ नात्यामुळे अविश्वसनीय ठरत नाही असे दलीप सिंग प्रकरणात 1953 मध्येच सांगितले गेले आहे; पण नाते कोणते हेच चुकीचे लिहिले गेले, तर त्या तत्त्वाचा आधार कुणाला मिळणार? काळाच्या शब्दांचीही तीच गत आहे. तेलुगूतला 'मोन्न' म्हणजे परवा, आणि 'मागे काही दिवसांपूर्वी' असाही. आपला मराठी 'परवा' तर मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो, शिवाय 'परवापरवापर्यंत' म्हणताना तो कोणत्याच ठरावीक दिवसाचा नसतो. बोलणाऱ्याला त्यात काही गोंधळ वाटत नाही; तारीख घालून भाषांतर करणाऱ्याला तो वाटलाच पाहिजे, आणि बहुधा वाटत नाही.

न्यायालयात मात्र कायदा गप्प नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 312 सांगते की साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास ती साक्ष त्याच भाषेत उतरवून घ्यावी, नसल्यास न्यायालयाच्या भाषेत तिचे खरे भाषांतर करावे. कलम 313 सांगते की साक्ष पूर्ण झाल्यावर ती वाचून दाखवावी, आणि नोंद वेगळ्या भाषेत असेल तर साक्षीदाराला समजेल अशा भाषेत उलगडून सांगावी. कलम 317 दुभाषाला खरे भाषांतर करण्यास बांधते. 1969 चा शपथ अधिनियम त्याला शपथ घ्यायला लावतो. कागदावर पाहिले तर तरतुदी पुरेशा वाटतात. पण 'शक्य असल्यास' या दोन शब्दांतून सगळे निसटून जाते. तेलुगू लिपीत टंकलेखन करणारा लघुलेखक सोलापूरच्या न्यायकक्षात असावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. दुभाषा म्हणून त्या वेळी हजर असलेला भाषा जाणणारा कोणीही चालून जातो. आणि संध्याकाळी साडेपाचला वाचून दाखवण्याचा विधी ज्या वेगाने उरकला जातो, त्या वेगात मराठी साक्षीदारालाही आपले बोलणे ओळखता येईल की नाही, शंकाच आहे.

त्यात आणखी एक गोष्ट भर घालते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. सत्र खटल्यात साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहावी, असे कलम 311 म्हणते. एखादा भाग प्रश्नोत्तराच्या रूपात घेणे न्यायाधीशांच्या इच्छेवर आहे. म्हणजे वकिलाचा प्रश्न आणि साक्षीदाराचे 'हो' मिळून एक वाक्य बनते, आणि ते 'मी' या सर्वनामाने सुरू होते. 'रात्री नऊच्या सुमारास आरोपी हातात काठी घेऊन आला, हे बरोबर?' 'हो.' नोंद: 'रात्री नऊच्या सुमारास आरोपी हातात काठी घेऊन आला.' सरतपासात असा सूचक प्रश्न विचारायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 146 प्रमाणे हरकत घेतली तर सामान्यतः परवानगी नाही; पण निवेदनाच्या रूपात एकदा उतरल्यावर प्रश्न सूचक होता की नव्हता हे अपिलाच्या न्यायालयाला कधीच कळणार नाही. उलटतपासात याचे नकारार्थी रूप दिसते: 'असे म्हणणे खोटे आहे की, मी त्या वेळी तिथे नव्हतो.' दोन नकार एकमेकांवर चढवलेले हे वाक्य जगात कोणीही स्वतःहून बोलत नाही. तरी आपल्या न्यायालयांच्या दप्तरात ते अगणित वेळा साक्षीदारांच्या तोंडी आहे. आता या बाईच्या 'वच्चाडंट'चे काय होईल, पाहा. दुभाषा सांगतो 'तो आला', लघुलेखक लिहितो 'तो आला', आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. उलटतपासात ती 'मी पाहिले नाही, ऐकले' म्हणते तेव्हा ती बोलणे बदलणारी ठरते. तिने बदलले काहीच नाही. 'असत्य एका ठिकाणी तर सर्वत्र असत्य' हे तत्त्व भारतात लागू नाही असे निसार अली खटल्यापासून, म्हणजे 1957 पासून, मानले गेले आहे हे खरे. पण अंशतः विश्वसनीय साक्षीदाराला दुजोरा शोधावा लागतो, आणि दुजोरा नसेल तिथे अशा एका 'म्हणे'वर खटला तुटतो.

पुढचे भाषांतर अपिलात होते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ सुरू झाले, आणि सोलापूरची अपिले आता तिकडे जातात. पक्षकाराला मुंबई गाठावी लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण न्यायमूर्तींसमोर साक्ष येते ती इंग्रजीत. म्हणजे तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. 'मारलं' या क्रियापदाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा: चापट, काठी, धक्का, प्राण घेणे यांतले काय, ते मराठीतही संदर्भावरून ठरते, इंग्रजीत ते एकाच शब्दात बंद होते आणि तो शब्द निवडतो भाषांतरकार. अपिलाच्या न्यायाधीशाने साक्षीदाराला पाहिलेले नसते, म्हणून त्याच्या वर्तनाविषयी कनिष्ठ न्यायालयाच्या निरीक्षणाला मान द्यावा, असे आपले जुने धोरण आहे. त्याने साक्षीदाराला ऐकलेलेही नसते, याची मात्र कुणी दखल घेत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे आपल्या न्यायालयांना शब्दांचे मोल माहीत नाही असे मुळीच नाही. 1958 च्या खुशाल राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपूर्व जबाबाविषयी सांगितले की तो प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत घेतलेला असेल तर त्याला अधिक वजन आहे. जळालेल्या सुनेचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलेल्या दंडाधिकाऱ्याकडून आपण ही अपेक्षा करतो, कारण ती पुन्हा बोलायला येणार नाही. पण पिंजऱ्यात उभी राहून सांगणारी बाईही त्या दिवसानंतर पुन्हा बोलायला येत नाही. अपिलात तिची साक्ष म्हणजे तिचा कागदच. तिच्यासाठी हीच कसोटी का नको?

आक्षेप माहीत आहेत. पहिला असा की सोलापुरातल्या तेलुगू-कन्नड भाषकांना मराठी उत्तम येते. येतेच, त्यांची मुले मराठी शाळांत शिकली, त्यांतली काही मराठीचे शिक्षकही झाली. पण भाजी घेण्याची मराठी आणि शपथेवर, आरोपीच्या नजरेसमोर, प्रसंगाचा तपशील आठवताना सुचणारी भाषा एकच नसते, आणि घाबरलेला माणूस आईच्या भाषेकडे वळतो. शिवाय वर दाखवल्याप्रमाणे हा प्रश्न निव्वळ परभाषेचा नाहीच. 'डोस्क्यात घातलं'चे 'डोक्यात मारहाण केली' करणारी लेखणी मराठी साक्षीदारालाही भाषांतरित करते. दुसरा आक्षेप वेळेचा आहे: प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर लिहायचे ठरवले तर रोज एक साक्ष पुरी होणार नाही. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी सगळे शब्दशः लिहा असे म्हणत नाही. सगळे ध्वनिमुद्रित करा, असे म्हणतो.

नव्या संहितेने झडती आणि जप्ती यांचे दृक्श्राव्य चित्रण कलम 105 द्वारे सक्तीचे केले. वॉरंट खटल्यांत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यांत, साक्षीचे असे मुद्रण कलम 310 प्रमाणे 'करता येईल'. पोलिसांच्या जबाबाचेही कलम 180 प्रमाणे 'करता येईल'. आणि कलम 530 खाली सर्व खटले इलेक्ट्रॉनिक पद्धतीने 'चालवता येतील'. पंचनाम्यात सापडलेल्या काठीचे चित्रण सक्तीचे आणि ती काठी कुणी कशी उगारली हे सांगणाऱ्या माणसाच्या आवाजाचे ऐच्छिक, हा प्राधान्यक्रम मला उलटा वाटतो. निर्जीव वस्तू बदलली तर मुद्देमालाच्या क्रमांकावरून पकडता येते. बदललेला शब्द पकडण्याचे काहीच साधन नसते. मुद्रणाची किंमत हा आता गंभीर अडथळा राहिलेला नाही. लिखित नोंद आज आहे तशीच राहावी. वाद उठेल तेवढाच भाग अपिलाच्या न्यायालयाने ऐकावा, एवढे पुरे.

मुद्रणाचा खरा धोका वेगळा आहे. साक्षीदाराचा आवाज आणि चेहरा एकदा यंत्रात गेला की तो मोबाइलवर फिरायला वेळ लागत नाही, आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात किंवा गावातल्या दोन गटांच्या भांडणात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. स्मृती बडदे प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांची व्याख्या रुंदावून त्यांच्या साक्षीसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. तिथे फक्त ध्वनी घ्यावा, तो मोहोरबंद ठेवावा आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाला देऊ नये, हा मधला मार्ग मला व्यवहार्य दिसतो. यंत्राने आपोआप लिहिलेल्या मजकुरावर मात्र मी लगेच विसंबणार नाही. जे यंत्र सोलापुरी तेलुगूतल्या 'अंट'ला अडखळण्याचा आवाज समजून गाळून टाकेल, ते हवालदाराच्या लेखणीपेक्षा बरे कसे म्हणावे?

मुद्रण सक्तीचे व्हायला कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि तिला वेळ लागेल. तोवर ज्याला दुरुस्ती लागत नाही असे बरेच काही जिल्हा पातळीवर करता येईल. तेलुगू, कन्नड आणि दखनी-उर्दू जाणणाऱ्या शपथबद्ध दुभाषांची यादी जिल्हा न्यायालयाने ठेवावी आणि त्यांना मानधन द्यावे. सोलापुरात अशी माणसे शोधायला दूर जावे लागणार नाही. साक्षीच्या नोंदीत नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण येते तिथेच साक्षीदार कोणत्या भाषेत बोलला आणि भाषांतर कुणी केले, हेही लिहिले जावे. वस्तूचे, नात्याचे किंवा काळाचे जे शब्द वादाचे होऊ शकतात ते मूळ रूपात, भाषांतराशेजारी देवनागरीत ठेवावेत. त्यासाठी तेलुगू टंकलेखक लागत नाही. 'तो आला' याच्या पुढे कंसात 'वच्चाडंट' एवढे उमटले, तर कोल्हापूरच्या न्यायमूर्तींना तेलुगू येत नसली तरी या ठिकाणी थांबून काही विचारण्यासारखे आहे, हे त्यांना कळेल.